चौरविक्रीत आणि दंडदासी

जुन्या दप्तरांत 'कुणबीण' किंवा 'बटीक' हा शब्द आला कीं आपण बहुधा एकच प्रश्न विचारतों : ही विकत घेतलेली, कीं बदकर्माबद्दल सरकारांत धरलेली? पहिली असेल तर तिची नोंद आपण समाजस्थितीच्या खात्यांत टाकतों. दुसरी असेल तर न्यायदानाच्या. ही विभागणी सोयीची आहे खरी, परंतु ती सर्वत्र लागू पडत नाहीं. जिला चोरून आणून विकलें तीच पुढें चोर ठरली, पळाली म्हणून अपराधी ठरली, किंवा ज्या कर्मांत दुसऱ्यानें ढकललें त्याच कर्माबद्दल दंडास पात्र झाली, तर ती स्त्री कोणत्या खात्यांत घालावयाची? आणि तिच्या अपराधाची भरपाई कोणीं कोणास द्यावयाची? या प्रश्नाचें उत्तर आपल्या स्मृतिकारांनीं दिलेलें आहे, आणि पुढच्या काळच्या व्यवहारानें तें पुष्कळ अंशीं बाजूस सारलें, असें दाखविण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

प्रस्तुत विवेचन मांजरसुंब्याच्या परिसरास धरून केलें आहे. मांजरसुंबें नांवाचीं दोन स्थळें संशोधकांस ठाऊक आहेत. एक नगरजवळ डोंगरगणानजीकचें, जेथें गड आहे. दुसरें बीडच्या दक्षिणेस बालाघाटाच्या माथ्यावरचें, ज्याच्या जवळच मन्मथस्वामींच्या समाधीचें कपिलधार हें क्षेत्र आहे. येथें दुसरें अभिप्रेत आहे. या मांजरसुंब्याचें महत्त्व गडाकोटामुळें नसून वाटांमुळें आहे. उत्तरेकडून बीडावरून सोलापुराकडे उतरणारी वाट, आणि नगर-जामखेड-पाटोद्याकडून येऊन केज-आंबेजोगाईकडे जाणारी वाट, या दोन वाटा येथें एकमेकींस छेदतात. संस्कृतांत अशा स्थळास चतुष्पथ म्हणतात. हा शब्द पुढें लागणार आहे म्हणून तो येथें नमूद करून ठेवतों.

बडोद्याच्या गायकवाड प्राच्यग्रंथमालेंत १९२५ सालीं 'लेखपद्धति' या नांवाचा एक संग्रह प्रसिद्ध झाला. संपादक चिमणलाल दलाल व गजानन श्रीगोंदेकर. हा ग्रंथ म्हणजे गुजरातेंतील लेखकांकरितां तयार केलेल्या नमुनापत्रांची वही होय. तींत जमिनीचीं, गहाणाचीं, राजाज्ञांचीं पत्रें आहेत, तशींच दासीपत्रेंही आहेत. त्यांपैकीं एका पत्रांतील मुलगी आपली आहे. तिचें नांव पनुती, वय सोळा वर्षें, वर्ण गोरा. राणा प्रतापसिंहानें महाराष्ट्रावर धाड घातली तेव्हां ती धरून नेण्यांत आली व चतुष्पथावर उघडपणें विकण्यांत आली, असें पत्र सांगतें. पत्राचा काल संवत् १२८८, म्हणजे इसवी सन १२३१ च्या सुमाराचा.

येथें एक सावधगिरी अवश्य आहे. याच वहींत देवगिरीचा सिंघण यादव व राणा लवणप्रसाद यांच्यामधील तहाचा जो नमुना आहे त्याचाही संवत् १२८८ च आहे. नमुनापत्रांच्या वहींत एकच मिति अनेक पत्रांवर घालण्याची लेखकांची चाल असते. तेव्हां तह झाला त्याच वर्षीं ही धाड पडली असें अनुमान कोणीं बांधूं नये. पनुती हें नांव तरी खऱ्या पत्रावरून उतरलें कीं लेखकानें उदाहरणादाखल घातलें, हेंही सांगतां येत नाहीं. परंतु नमुना म्हणून असें पत्र वहींत घालावें लागलें, यावरून असे व्यवहार नित्याचे होते एवढें निश्चित ठरतें. आणि माझ्या मतें एकट्या खऱ्या पत्रापेक्षां या पुराव्याचें वजन अधिक आहे. सिंघणाच्या काळीं यादव व गुर्जर यांचीं युद्धें वारंवार होत. सिंघणाचा सेनापति खोलेश्वर हा आमच्या आंबेजोगाईचा. त्याचा पुत्र राम गुजरातच्या मोहिमेंत पडला, आणि रामाची बहीण लक्ष्मी हिनें भावाच्या स्मरणार्थ देवालय बांधल्याचें शके ११६२ चा आंबेजोगाईचा शिलालेख सांगतो. सेनापतीच्या पुत्राचें देवालय झालें. धाडींत धरून नेलेल्या मुलींची नोंद मात्र परमुलखांतल्या कारकुनाच्या वहींत सांपडते. आमच्या बाजूच्या सैन्यानेंही गुजरातेंतून माणसें आणलीं नसतील असें मानण्याचें कारण नाहीं.

पत्रांत पनुतीचीं कामें दिलीं आहेत. भाजी चिरणें, कांडणें, दळणें, सारवणें, झाडणें, लांकूड-पाणी आणणें, मलमूत्र बाहेर टाकणें, गाई-म्हशी-शेळ्यांचें दोहन करणें, ताक घुसळणें, शेतावर जाणें. त्यापुढें जें येतें तें आपल्या विषयाच्या दृष्टीनें मुख्य होय. ती चोरी करील, पळून जाईल, काम मोडील, तर धन्यानें तिला मारून पुन्हां कामास लावावें. आणि तिनें विहिरींत उडी घेऊन किंवा अन्य रीतीनें प्राण दिला, तर धनी निर्दोष. म्हणजे पत्र लिहिलें त्या क्षणींच तिचे भावी अपराध मोजून ठेवले आहेत. तिला पळविणारा राणा या पत्रांत विक्रेता म्हणून सन्मानानें उभा आहे, आणि अपराधाची सगळी भाषा तिच्या एकटीच्या वांट्यास आली आहे.

आतां स्मृतींकडे वळूं. कल्याणीस चालुक्य विक्रमादित्याच्या आश्रयानें विज्ञानेश्वरानें याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा लिहिली, ती पनुतीच्या पूर्वीं शंभर-सवाशें वर्षें. कल्याणी आमच्या बालाघाटापासून फार दूर नव्हे, आणि महाराष्ट्रांत व्यवहारनिर्णयास मिताक्षरेचें प्रामाण्य पुढें इंग्रजी अमलांतही चालू राहिलें. या स्मृतीचा दासाविषयींचा पहिलाच नियम असा कीं, ज्यास बळानें दास केलें, आणि ज्यास चोरांनीं विकलें, तो मुक्त होतो. त्यानें मूल्य द्यावें अशी अट नाहीं. नारदानें दासांचे पंधरा प्रकार सांगितले. त्यांत घरीं जन्मलेला, विकत घेतलेला, दुष्काळांत पोसलेला, गहाण ठेवलेला, युद्धांत मिळालेला, पणांत जिंकलेला, स्वतःस विकणारा, असे सर्व आहेत. परंतु चोरून विकलेला या पंधरांत नाहीं. त्याचा विचार नारद स्वतंत्र करतो, आणि राजानें त्यास सोडवावें असें सांगतो. ज्यांस मूळ ग्रंथ जवळ नाहींत त्यांनीं वाईच्या धर्मकोशाचें व्यवहारकांड पाहावें; तेथें हीं वचनें टीकांसह एकत्र मिळतात.

यावर कोणी शंका घेईल : चौरविक्रीत मुक्त झाला, पण ज्यानें प्रामाणिकपणें पैसे मोजून त्यास घेतलें त्याचें काय? या शंकेचें उत्तर दास्यप्रकरणांत शोधूं नये, तें अस्वामिविक्रयाच्या प्रकरणांत आहे. ज्याची वस्तु नाहीं त्यानें ती विकली, तर घेणाऱ्यानें विक्रेता दाखवून द्यावा म्हणजे घेणारा शुद्ध ठरतो. वस्तु धन्यास परत जाते, दंड राजास मिळतो, आणि घेणाऱ्यास त्याचें मूल्य त्या विक्रेत्याकडून मिळतें. याज्ञवल्क्याची ही व्यवस्था गाईला लागू पडते तशी माणसालाही लावून पाहावी. स्वतंत्र माणसाचा स्वामी तो स्वतःच. म्हणून 'वस्तु धन्यास परत' याचा अर्थ माणूस स्वतःच्या हवालीं. मूल्याची जबाबदारी विक्रेत्यावर, दंडही त्याच्यावर. विकल्या गेलेल्या मुलीवर एका कवडीचेंही येणें राहात नाहीं. हीं दोन प्रकरणें जोडून वाचण्याचें काम माझें आहे, विज्ञानेश्वराचें नव्हे, हें येथें स्पष्ट करतों. पण वाक्यांच्या अर्थास ओढाताण न करितां तीं जुळतात. शिवाय माणसें धरून नेणाऱ्यास, बंदिग्राहास, याज्ञवल्क्यानें सुळाची शिक्षा सांगितली आहे. तेव्हां अपराधी कोण याविषयीं स्मृतिकाराच्या मनांत संदेह नव्हता.

खरी अडचण निराळीच आहे. धाडींत धरलेली मुलगी चौरविक्रीत कीं युद्धप्राप्त? मनूनें ध्वजाहृत हा दासाचा प्रकार मानला आहे, नारदानेंही युद्धप्राप्त मानला आहे. राण्याचा वकील असता तर त्यानें हेंच पुढें केलें असतें. युद्धप्राप्ताची सुटका नारदाच्या मतें प्रतिशीर्ष देऊन होते, म्हणजे आपल्या ऐवजीं तितकेंच काम करील असें दुसरें माणूस देऊन. या नियमानें एक सुटतो आणि एक अडकतो. दास्याची बेरीज तीच राहते. कौटिल्य येथें अधिक उदार आहे. ध्वजाहृत आर्य काम केलेल्या काळाच्या मानानें, किंवा अर्धें मूल्य देऊन सुटतो, असें तो म्हणतो. म्हैसुरास शामशास्त्र्यांनीं १९०९ सालीं अर्थशास्त्र छापलें, तोंपर्यंत हा भाग कोणाच्या डोळ्यांपुढें नव्हता. त्यांतील दासकल्पाचा अध्याय प्रत्येक कागदसंग्राहकानें एकदां तरी वाचावा. गहाण पडलेल्या माणसाकडून प्रेत, विष्ठा, मूत्र, उष्टें उचलविलें, किंवा स्त्रीवर अतिक्रम केला, तर धन्याचें मूल्य बुडालें, असा तेथें नियम आहे. पनुतीच्या पत्रांत मलमूत्र टाकणें हें नेमून दिलेलें काम आहे! कौटिल्यापुढें तें पत्र गेलें असतें तर, ती गहाण आहे असें जरी मानलें, तरी तेवढ्या एका कलमानें तें रद्द झालें असतें.

दंड देण्यास पैसा नसेल त्यानें काय करावें, याचाही विचार झालेला आहे. मनु ब्राह्मणेतरांस काम करून दंड फेडावयास सांगतो व ब्राह्मणास हळूहळू देण्याची सवलत देतो. कौटिल्यही दंडप्रणीतानें कामानें दंड फेडावा असें म्हणतो. येथपर्यंत ठीक. पण दासाच्या कमाईवर त्याची मालकी नाहीं असें मनुच सांगतो. मग दासीनें चोरी केली तर भरपाई कशांतून? तिचें काम आधींच धन्याचें आहे. त्याच कामांतून ती धन्याची भरपाई कशी करणार? या गांठीस स्मृतिकारांनीं हात घातलेला माझ्या वाचनांत नाहीं. माझें मत असें कीं, चौरविक्रीत मुळांत दास नव्हेच, या पहिल्या नियमानें ही गांठ सुटते. जो दास नाहीं त्याचें पळणें हा अपराध नव्हे, आणि पोटापुरतें घेतलेलें अन्न ही त्याच्या केलेल्या कामाची मजुरी आहे.

राजाच्या जबाबदारीविषयींही एक शब्द. चोरीस गेलेलें द्रव्य राजानें शोधून प्रजेस परत द्यावें, न सांपडल्यास स्वतःच्या द्रव्यांतून द्यावें, असें कौटिल्य सांगतो. याज्ञवल्क्य गांवावर ही जबाबदारी टाकतो : माग गांवाबाहेर गेलेला दिसला नाहीं तर गांवानें भरून द्यावें. हा नियम मराठी अमलांत शेवटपर्यंत जिवंत होता. एल्फिन्स्टननें १८१९ च्या आपल्या अहवालांत, चोरीचा माल पाटील, गांव व जागले यांजकडून भरून घेण्याच्या पद्धतीचें वर्णन केलें आहे. बैल गेला तर गांव भरून देई. मुलगी गेली तर गांवानें काय भरून द्यावें, हा प्रश्न मात्र त्याच तत्परतेनें विचारला जात असे, असें म्हणण्यास मला आधार मिळालेला नाहीं.

मराठी राज्याच्या आरंभीं मात्र एक अत्यंत स्पष्ट निर्णय आढळतो. कर्नाटकच्या स्वारींत १६७७ सालीं शिवछत्रपतींनीं डचांस जो कौल दिला, त्यांत पूर्वींच्या अमलांत या मुलखांतून दास-दासी विकत घेऊन नेण्याची मोकळीक होती, ती आपल्या राज्यांत असणार नाहीं, असें बजावलें आहे. डच त्या वेळीं पूर्व किनाऱ्यावरून माणसें जहाजांत घालून नेत. हा कौल डच कागदांतून उपलब्ध झाला. आपल्याकडे त्याची प्रत राहिली नाहीं, हें आपल्या दप्तरांच्या दुर्दैवास साजेसेंच आहे. या निर्णयांत विक्रीवर जकात बसविलेली नाहीं, विक्रीच बंद केली आहे.

शंभर वर्षांनंतरची पेशवाई याहून निराळी दिसते. वाडांनीं निवडलेल्या रोजनिशींत बदकर्माबद्दल धरलेल्या स्त्रिया सरकारच्या कुणबिणी करून किल्ल्यांवर व कोठ्यांत दळणकांडणास ठेवल्याच्या नोंदी येतात. खासगी घरांतही कुणबिणी असत, विकत घेतल्या जात, एका घरून दुसऱ्या घरीं दिल्या जात. दंडदासी ही कल्पना नारदाच्या पंधरांत नाहीं. मनूच्या सातांत एक दंडदास आहे खरा, पण व्यभिचारिणीस सरकारी कोठींत जन्मभर दळावयास बसवावें असा अर्थ त्या शब्दांतून आपोआप निघत नाहीं. येथें शास्त्राहून सरकारची गरज प्रबळ ठरली असें मला वाटतें. किल्ल्यावर शिबंदी आहे, शिबंदीस पीठ पाहिजे, आणि दळणाऱ्या बायका पगारानें ठेवण्यापेक्षां निवाड्यानें मिळाल्या तर त्या फुकट पडतात. दंडाची रक्कम सरकारांत जमा होते त्याप्रमाणें दंड झालेली बाईही सरकारांत जमा झाली. तिच्या अपराधानें ज्याचें नुकसान झालें असेल त्यास या जमेंतून कांहीं मिळालें काय? आणि तिला ज्यानें फितवून आणलें त्याचा शोध झाला काय? निवाडापत्रांचा सांचा असा असे कीं, त्यांत 'बदकर्म केलें' एवढेंच येई. करविणाऱ्याचें नांव येण्यास जागाच नसे. जेथें तें आलें असेल तो कागद सोन्याच्या मोलाचा समजावा.

इंग्रजी अमलांत १८४३ चा पांचवा कायदा झाला. त्याचें पहिलेंच कलम, कोणत्याही सरकारी अंमलदारानें हुकूमनाम्याच्या किंवा सरकारी येण्याच्या वसुलीसाठीं माणूस विकूं नये, असें आहे. दास्यावर उभा असलेला हक्क कोणतेंही न्यायालय बजावणार नाहीं, असेंही त्यांत आहे. बीड प्रांत तेव्हां निजामाच्या राज्यांत होता. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत तो तेथेंच राहिला. त्यामुळें पुण्यास लागू असलेला कायदा बालाघाटावर तसाच लागू होता असें धरून कोणीं कागद वाचूं नयेत. खर्ड्याची लढाई १७९५ सालीं येथून जवळच झाली, आणि त्या काळांत हा मुलूख दोन राज्यांच्या सीमेवर होता. सीमेवरच्या मुलखांत पळवून नेलेलें माणूस परराज्यांत गेलें कीं त्याचा दावा कोणापुढें चालावयाचा हेंच ठरत नसे.

आजचा काळ हा या त्रैमासिकाचा विषय नव्हे, तरी मांजरसुंब्याच्या चतुष्पथावर उभें राहून त्याचा उल्लेख टाळणें अप्रामाणिकपणाचें होईल. दसरा-दिवाळी झाली कीं बीड जिल्ह्यांतून लक्षावधि माणसें ऊसतोडीस पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात, आणि त्यांच्या गाड्या याच वाटांनीं उतरतात. नवराबायकोच्या जोडीस कोयता म्हणतात. मुकादम कोयत्यास आगाऊ उचल देतो. उचल फिटेपर्यंत कोयता बांधलेला. मजूर हंगामांत पळाला तर मुकादम फसवणुकीची फिर्याद देतो. कांहीं मजूर दोन मुकादमांकडून उचल घेतात हेंही खरें, आणि मुकादम स्वतः कर्जांत बुडालेला असतो हेंही खरें. पण १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याच्या सहाव्या कलमानें बंधाचें कर्ज फेडण्याची जबाबदारीच संपुष्टांत येते. तें वसूल करण्यास दावा चालत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें १९८३ च्या डिसेंबरांत बंधुआ मुक्ति मोर्चाच्या प्रकरणांत असें ठरविलें कीं, मजुराकडून जुलमानें काम घेतलें जात असेल तर तें आगाऊ रकमेपोटींच आहे असें गृहीत धरावें. म्हणजे फिर्यादींतला आरोपी हा पुष्कळ वेळां कायद्याच्या दृष्टीनें सोडविला जाण्यास पात्र माणूस असतो. दोन्ही कागद एकाच माणसाचे, आणि एका कचेरींतला कागद दुसऱ्या कचेरींत क्वचित् जातो.

स्त्रियांच्या बाबतींत ही गुंतागुंत अधिक. २०१३ सालीं दंडसंहितेचें ३७० वें कलम बदललें, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचें १४३ वें कलम त्याच्या जागीं आलें. माणसांच्या व्यापारांत पीडिताची संमति विचारांत घ्यावयाची नाहीं असें त्यांत स्पष्ट आहे. परंतु १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याच्या आठव्या कलमानें गिऱ्हाइकास खुणावणारी स्त्री स्वतः शिक्षेस पात्र होते, मग तिला तेथें कोणीं आणून बसविलें असो. धाकानें अपराध करणाऱ्यास संहितेंत माफी आहे ती तत्काळ मरणाची भीति असेल तरच. विकलेल्या मुलीची भीति तत्काळ मरणाची नसते, ती रोजची असते. अमेरिकेंत न्यूयॉर्क राज्यानें २०१० सालीं, व्यापारांत सांपडलेल्या स्त्रीस वेश्याव्यवसायाबद्दल झालेली शिक्षा मागाहून रद्द करून घेण्याची सोय केली. आणि तेथील सर्वोच्च न्यायालयानें २०१७ सालीं कोलोरॅडो राज्याच्या एका प्रकरणांत ठरविलें कीं, दोषनिर्णय रद्द झाला म्हणजे त्यापोटीं घेतलेली भरपाईची रक्कमही सरकारनें परत करावी. अस्वामिविक्रयाचें प्रकरण ज्यानें वाचलें आहे त्यास हा न्याय परका वाटूं नये.

आतां कागदांकडे. ज्या संग्राहकांजवळ बालाघाटाकडील किंवा किल्ल्यांच्या कोठ्यांकडील फर्द, जमाखर्च, निवाडापत्रें असतील, त्यांनीं कुणबिणीच्या नोंदी उतरवितांना केवळ नांव व किंमत उतरवूं नये. ती कोठील, कोणीं आणली, धरली तेव्हां कोणाच्या घरीं होती, आणि सुटली तर कशानें सुटली, हे चार मुद्दे पाहावेत. नारदानें मुक्तीचा विधि सांगितला आहे : दासाच्या खांद्यावरचा पाण्याचा घट घेऊन धन्यानें फोडावा, अक्षता-फुलांसह पाणी त्याच्या मस्तकावर शिंपावें, तूं दास नाहींस असें तीनदां म्हणावें, आणि पूर्वेकडे तोंड करून सोडावें. असा विधि झाल्याची मराठी नोंद कोणास आढळली तर ती या त्रैमासिकाकडे अवश्य पाठवावी. फारकतीच्या कागदांत 'मोबदला' हा शब्द आला तर तेथें विशेष थांबावें. मोबदला रोख असेल तर रक्कम कोणाकडून आली हें पाहावें. आणि मोबदला म्हणून दुसरी बाई दिली असेल, तर प्रतिशीर्षाचा नियम आमच्याकडे व्यवहारांत होता हें सिद्ध होईल. मग त्या दुसऱ्या बाईचें नांव व गांवही उतरवून घ्यावें.